सासूबाईंच्या केळीतला टॉवर

वालुसिंबी टॉवरच्या पायाशी उकिडवा बसला आणि जिथं आधाराचा लोखंडी अँगल असायला हवा होता तिथल्या भोकात त्यानं बोट घातलं. बोट आरपार गेलं. भोकाच्या कडा स्वच्छ होत्या, म्हणजे बोल्ट नुकताच निघाला होता. अँगल नव्हता. शेजारचाही नव्हता. त्यानं डोळे मिटले, उघडले, परत बोट घातलं. मग कुणी ऐकत नाही ना याची खात्री करून तो टॉवरला म्हणाला, "आहेस की नाहीस, एकदाचं सांग बाबा."

वर तारा नेहमीसारख्या गुणगुणत होत्या.

जिंजाच्या धरणावरची वीज कंपालाकडे नेणारी ही जुनी लाइन. तिच्या मधल्या टप्प्याची देखरेख वालुसिंबीकडे होती. महिन्यातून एकदा पायी फिरायचं, प्रत्येक टॉवर खालून वर न्याहाळायचा, शंका आली की कमरेला पट्टा बांधून चढायचं, तारा तोलणारी चिनीमातीची ताटली तडकलेली, सैल नट, चोरीला गेलेलं लोखंड, जे दिसेल ते ऑफिसला कळवायचं. लग्नाच्या आधीपासून तो हेच करत आला होता आणि त्याच्या नजरेबद्दल कुणी ब्र काढला नव्हता. गेल्या चार महिन्यांत मात्र सगळंच बिनसलं होतं, आणि बिनसलं होतं ते या एकाच टॉवरपाशी.

हा टॉवर होता त्याच्या सासूबाईंच्या केळीच्या बागेत.

आता आमच्याकडे जावई आणि सासू यांनी एकमेकांच्या समोर यायचं नसतं. तोंड दिसता कामा नये, हात लागता कामा नये, एका छपराखाली बसता कामा नये. रस्त्यात गाठ पडलीच तर दोघांनी माना फिरवायच्या आणि ज्याला जिथं वाट मिळेल तिकडे पळायचं. जावयाचे लाड होतात, नाही असं नाही, पण ते लांबून. सासूबाई दिसतात कशा, हे वालुसिंबीला विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. आवाज तेवढा माहीत होता, तोही कुडाच्या पलीकडून कोंबड्यांना शिव्या घालतानाचा. हा नियम मोडला की माणसाचे हात थरथर कापायला लागतात म्हणतात, आणि टॉवरवर चढणाऱ्याचे हात कापून कसं चालेल?

म्हणून एक पद्धत बसवलेली होती. कंपनीची पिकअप वळणावर आली की ड्रायव्हरनं भोंगा वाजवायचा, वालुसिंबीला उतरवून पुढच्या फाट्यावर जाऊन थांबायचं. भोंगा ऐकला की सासूबाईंनी स्वयंपाकाच्या खोपीत जाऊन दार ओढून घ्यायचं. टॉवरवर वालुसिंबीनं शक्यतो घराकडे पाठ ठेवायची. काही सांगायचं-विचारायचं असलं तर मध्ये लुबोवा. लुबोवा म्हणजे मेव्हणा, सासूबाईंचा एकुलता एक मुलगा. बहिणीच्या लग्नात मेव्हण्याच्या मानाचा कोंबडा त्यानंच खाल्ला होता, त्यामुळे निरोपाची ही हमालीही त्याच्याच गळ्यात पडली होती. लाइनवरचे सोबती वालुसिंबीला चिडवायचे, की बाकीचे टॉवर तू डोळ्यांनी तपासतोस आणि हा एक ढुंगणानं.

तर चार महिन्यांपूर्वी काय झालं, याच टॉवरच्या घराकडच्या बाजूचे खालचे दोन अँगल नाहीत असं त्याला दिसलं. पाठ वळवून, मानेला हिसका देऊन बघितलं, पण दिसलं स्पष्ट. त्यानं ऑफिसला कळवलं. दुरुस्तीची टोळी नवे अँगल घेऊन आली, तर जुने अँगल जागच्या जागी. तोच गंज, तोच ठोकलेला नंबर. बोल्ट तेवढे नवे होते, बाजारातल्या दुकानात मिळतात तसले. टोळीच्या मुकादमाला त्यात काही विशेष वाटलं नाही, आधी कुणीतरी बदलले असतील म्हणाला. नवे अँगल गाडीत टाकून सगळे हसत परत गेले.

पुढच्या महिन्यात दुसऱ्या पायाचे गेले. या वेळी त्यानं हाताच्या पंजानं ती मोकळी जागा चाचपून बघितली आणि मगच कळवलं. खात्री करावी म्हणून लुबोवालाही बोलावून दाखवलं. लुबोवानं टॉवरकडे बराच वेळ बघितलं. "दाजी, मला लोखंडातलं काय कळतंय," तो म्हणाला, "मला तर पहिल्यासारखाच दिसतो." दोन दिवसांनी ओचेन साहेब स्वतः आले. अँगल होते. वालुसिंबीनं ते दोन्ही हातांनी धरून हलवून पाहिले, जणू कागदाचे निघतील.

ओचेन साहेब उत्तरेकडचे, वयानं लहान, बोलायला मऊ. ते रागावले असते तर फार बरं झालं असतं. त्यांनी वालुसिंबीच्या खांद्यावर हात ठेवून घरी सगळं ठीक आहे ना, झोप लागते ना, असं विचारलं आणि डोळ्यांच्या दवाखान्याची चिठ्ठी दिली. दवाखान्यात डोळे उत्तम निघाले. डोळे उत्तम निघाल्याचं इतकं दुःख त्याआधी कुणाला झालं नसेल. डोळे चांगले, म्हणजे मग बिघाड आणखी वर होता.

वालुसिंबीचे वडील शेवटच्या वर्षांत कधीच मेलेल्या गाईला पाणी दाखवा म्हणून हट्ट धरून बसायचे. ते त्याला आठवायला लागलं. घरी तो दाराच्या बिजागऱ्या चाचपायचा, झाकण उघडून आत भांडं खरंच आहे का बघायचा. बायको, नांतेझा, आधी हसली, मग रडली. कधी त्याला वाटायचं, आपण वर असताना वाऱ्यानं डोकं वळलं होतं आणि अंगणात कॉफीच्या बिया पसरणारी एक पाठ दिसली होती, ती सासूबाईंची तर नसेल? हात कापायच्या ऐवजी आपले डोळेच फिरले की काय? मग वाटायचं, पाठ बघितल्यानं काही होत नसावं. मग वाटायचं, कुणी सांगावं.

तिसऱ्या वेळी त्यानं कळवलंच नाही. पुढच्या फेरीला अँगल जागेवर दिसले, तेव्हा त्याला हायसं वाटलं आणि त्या हायसं वाटण्याचीच भीती वाटली. चढावरचा टॉवर, खालचा आधार गेलेला, वारा सुटला असता तर सगळा सांगाडा त्या खोपीवर बसला असता. तो गप्प राहिला होता. मनाला इतकं लागलं, की त्यानं आपणहून जाऊन साहेबांना सांगितलं.

"पुढच्या वेळी दिसलं तर वायरलेसवर सांगा, मी त्याच दिवशी येतो," ओचेन साहेब म्हणाले. "खरंच गेलेलं असेल तर मी तुमची माफी मागेन. पण जागेवर असलं तर तुम्ही खाली यायचं, गोदामात बसायचं. ज्याला स्वतःच्या नजरेची खात्री नाही त्याला मी जिवंत तारेजवळ पाठवू शकत नाही. उद्या तुमची बायको मलाच विचारेल."

त्यात वावगं काय होतं? वालुसिंबीही तेच म्हणाला असता.

आणि आज परत दोन गेले होते. वायरलेस खांद्याला लटकत होता. कळवावं तर साहेब दुपारपर्यंत येतील आणि तोवर हे अँगल कुठूनतरी येऊन बसतील. इतक्या वेळा बसले, आजच काय धाड भरली आहे? न कळवावं तर टॉवर पडेल. फोटो काढावा तर ऑफिसातला एकुलता एक कॅमेरा साहेबांच्या कपाटात. शिवाय, मुळात जे दिसतंय ते खरं की नाही इथूनच सुरुवात. लोखंड चोरीला जातं हे कुणालाही समजतं. पण चोरून परत आणून बसवणारा चोर कुणी बघितलाय?

शेवटी तो उठला. चार महिने जे विचारायला जीभ रेटत नव्हती ते त्यानं लुबोवाला विचारायला सांगितलं. सासूला चोरीबद्दल विचारायचं म्हणजे काय, पण त्याचा नाइलाज झाला होता. "आईंना विचार, टॉवरपाशी कुणाला बघितलं का. लोखंड कोण नेतं."

लुबोवा कानामागे खाजवत खोपीत गेला. आत भांडं आपटल्याचा आवाज झाला. बाहेर आला तो गोंधळलेला.

"आई म्हणते, तुम्ही इकडे या. कुडाला पाठ लावून बसा. तिला बोलायचंय."

असं कधी झालं नव्हतं. लुबोवानं चटई टाकली. वालुसिंबी कुडाला पाठ लावून रस्त्याकडे तोंड करून बसला. आत पानात बांधलेली केळी वाफेवर शिजत होती, त्याचा वास येत होता. लुबोवा दाराच्या आणि त्याच्या मध्ये, कोपऱ्यावर टेकला. सासूबाईंचा आवाज कुडातून स्पष्ट ऐकू येत होता, पण मधल्या माणसानं सांगितल्याशिवाय ऐकलं असं धरायचं नसतं.

"त्याला विचार," आतून आवाज आला, "माझ्या लेकीच्या घरात काय कमी पडतंय?"

"आई विचारते, घरात काय कमी पडतंय?"

वालुसिंबी चक्रावला. काही कमी नाही, देवाची दया आहे, असं त्यानं सांगितलं. लुबोवानं ते आत पोचवलं.

"मग म्हणावं, लोखंड कशाला नेतोस?"

लुबोवानं तोंड उघडलं आणि मिटलं. वालुसिंबीनं ऐकलं होतं आणि ऐकलं नव्हतं. आपण काय चेहरा करावा हे त्याला कळेना.

आतल्या आवाजाला आता धीर धरवत नव्हता. "सांग त्याला, मी बघितलंय. म्हणजे बघितलं नाही, बघायचं नसतं, मी मान फिरवली. पण ते कंपनीचे नारिंगी कपडे मला लांबून कळतात. दिवस कलला की येतो, भोंगा नाही, काही नाही, हातात पाना. मला दिसला की मी आत पळते. सकाळी बघावं तर टॉवरचं हाड गेलेलं. आणि आज मलाच विचारतो, कोण नेतं म्हणून! लाज नको?"

लुबोवा काहीच पोचवत नव्हता. त्याची नजर पायाच्या अंगठ्यावर होती.

"आणि सांग त्याला, परत आणलं ते मी. भंगारवाल्याकडे घडच्या घड दिले केळीचे, तेच लोखंड तसंच आणलं, सायकलवाल्या किताकाच्या हातापाया पडून बसवून घेतलं. कशासाठी? कंपनीनं याला धरू नये, माझ्या लेकीचं घर मोडू नये. लुबोवा, तुलाही बोलले नाही मी. तुझ्या मनातनं तो उतरला असता. पण आता बागेत घड राहिले नाहीत रे. या वेळी भंगारवाला शेळी मागतोय."

वालुसिंबीला पहिल्यांदा काय वाटलं असेल तर आनंद. भोकात घातलेलं बोट खरं होतं. अँगल गेले होते तेव्हा गेले होते आणि होते तेव्हा होते. डोकं ठिकाणावर होतं, डोळे ठिकाणावर होते, वडिलांची गाय वडिलांबरोबर गेली होती. त्याला हसू फुटलं, आवरेचना.

"हसतोय का तो?" आतून आवाज आला, आणि त्यात इतकं दुखणं होतं की त्याचं हसू तिथंच थांबलं.

मग त्याचं लक्ष लुबोवाकडे गेलं. ईस्टरला कंपनीचा नवा नारिंगी डगला मिळाला तेव्हा जुना, खांद्यावर उसवलेला, त्यानं मेव्हण्याला दिला होता. शेतात वापरशील म्हणून. पाठोपाठ जुना पानाही. त्या डगल्यात कोण आहे हे सासूबाईंनी कधीच बघितलं नसणार. नारिंगी रंग दिसला की त्या मान फिरवणार, पळणार, जशी चांगल्या घरची बाई पळेल.

लुबोवाचा चेहरा राखेसारखा झाला होता. विकलेलं लोखंड आपलं आपण परत येतं, केळीचा घड कापला की शेजारी दुसरा लागतो तसं, याचं नवल त्यानंही चार महिने केलं असणार. आपली आईच ते विकत घेते हे त्याला आत्ता कळत होतं.

वालुसिंबीला संताप आला. उठून याच्या दोन कानशिलात द्याव्यात असं वाटलं. मला तर पहिल्यासारखाच दिसतो, म्हणाला होता हा, डोळ्यांत डोळे घालून. आपण रात्ररात्र बिजागऱ्या चाचपत होतो तेव्हा याला सगळं माहीत होतं. 'तो मी नव्हे' एवढं म्हणायचं होतं. शब्द ओठांवर आले होते. लुबोवानं ते आत न्यायचे, आणि मग आतून एकच प्रश्न येणार, की मग त्या कपड्यांत कोण होतं? सासूबाईंना मुलगा एक. म्हातारपणाला तोच, आणि मातीला तोच.



"सांग आईंना," तो म्हणाला, "मीच नेत होतो. आता नेणार नाही."

लुबोवानं वर बघितलं. "दाजी..."

"सांग."

लुबोवा कुडाकडे तोंड करून म्हणाला, "आई, ते म्हणतात, तेच नेत होते. आता नेणार नाहीत."

आत सासूबाईंनी मोठा सुस्कारा टाकला. "मला ठाऊकच होतं. कबूल केलंस ते बरं केलंस म्हणावं. माझ्या मनात काही नाही."

चार महिने वालुसिंबी खरं सांगत होता तर त्यावर कुणाचा विश्वास बसला नाही, आणि हे खोटं पहिल्या झटक्यात पटलं. त्याला गंमत वाटली नाही.

त्यानं लुबोवाला फक्त एवढंच सांगितलं, की शेळीला हात न लावता लोखंड घेऊन ये. लुबोवा धावत गेला. काय देऊन आणलं, वालुसिंबीनं विचारलं नाही. दोघांनी मिळून अँगल बसवले. वालुसिंबीनं पाना आवळला, लुबोवानं पलीकडून बोल्ट धरला. मग वालुसिंबीनं वायरलेसवर सांगितलं, सगळं जागेवर आहे.

"वा," ओचेन साहेब म्हणाले. त्यांना खरोखर आनंद झालेला कळत होता. "बघा, माणसाला नीट झोप मिळाली की सगळं नीट दिसतं."

हो साहेब, म्हणून त्यानं वायरलेस बंद केला.

तो निघणार एवढ्यात खोपीतून परत हाक आली. लुबोवा गेला आणि निरोप घेऊन आला. सासूबाईंचं म्हणणं असं होतं, की माफ केलं ते केलंच, पण माणसाचं मन कच्चं असतं. तेव्हा यापुढे दर फेरीला जाण्याआधी जावयानं आपली अवजारांची पिशवी लुबोवासमोर उघडायची. लुबोवानं आत बघायचं आणि तिला सांगायचं.

पुढच्या महिन्यात पिकअपनं वळणावर भोंगा वाजवला. खोपीचं दार लागलं. वालुसिंबीनं टॉवर तपासला, वर चढला, उतरला, चारी पायांवरून हात फिरवला. सगळं होतं. मग तो अंगणाच्या कडेला आला, घराकडे पाठ करून उभा राहिला आणि पिशवी उघडून खाली ठेवली.

लुबोवा वाकला. आत पाने होते, दोराचं वेटोळं होतं, पाण्याची बाटली होती. त्यानं हात घालून ते बाजूला केलं. त्याचा हात कापत होता.

"आई," तो ओरडला, "काही नाही नेत."



"नीट बघितलंस ना?" आतून आवाज आला. "परत बघ."

लुबोवानं परत बघितलं.